दोन पाण्यांची कोळंबी

आपल्या भागात एकाच जिवाला तीन नावे आहेत. मराठी घरात ती कोळंबी, शेजारच्या कन्नड घरात सीगडी आणि चोर्ला घाट उतरून साखळी-डिचोलीला गेलात की तीच सुंगटां होते. बेळगावात दोन्ही भाषा बोलणाऱ्या कितीतरी घरांत आई बाजारात सीगडीचा भाव विचारते आणि घरी येऊन कोळंबीचे कालवण करते. त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. मात्र नाव कोणतेही घ्या, डोळ्यांसमोर चित्र उभे राहते ते समुद्राचेच. कारवार, वेंगुर्ले, मालवण नाहीतर गोव्याहून बर्फाच्या पेट्यांतून आलेली, खाऱ्या पाण्यातली कोळंबी.

नदीत राहणारी कोळंबीही असते, हे आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नसते. पावसाळ्यात ओढ्यावर खेकडे धरायला गेलेल्या मुलांनी बोटाच्या पेराएवढी, काचेसारखी आरपार दिसणारी कोळंबी पाहिलेली असते, तेवढीच. पण याच कुळातली एक जात चांगली दांडगी आहे. तिचा नर फूटभर लांब होतो, वजन पाव किलोच्या घरात जाते आणि त्याचे निळे, काटेरी नांगे त्याच्या अंगापेक्षाही लांब असतात. शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी. व्यापारी तिला स्कॅम्पी म्हणतात, आपल्याकडे जंबो कोळंबी. नाव परदेशी वाटले तरी ती बाहेरून आणलेली नाही. गुजरातच्या नद्यांपासून केरळपर्यंत आणि पलीकडे ओडिशा-बंगालपर्यंत ती मूळची इथलीच.

या कोळंबीच्या मागे लागून मी थेट केरळच्या कुट्टनाडात जाऊन आलो, त्याला एक कारण घडले. मी भूगोल शिकवतो. आमच्या विभागाची सहल गेल्या नोव्हेंबरात कुट्टनाडला जायची ठरली, कारण समुद्रसपाटीच्या खाली भातशेती होते असा तो प्रदेश, आणि पुस्तकात वाचण्यापेक्षा तो मुलांनी पाहिलेला बरा. सहलीची यादी लागली त्या आठवड्यात एका विद्यार्थ्याचे वडील कॉलेजात भेटायला आले. खानापूर तालुक्यातले शेतकरी. भात, थोडा ऊस, काजूची बाग. दोन वर्षांपूर्वी त्यांनी शेतात तळे खोदले होते. कोणीतरी सांगितले, जंबो कोळंबी सोडा, सहा महिन्यांत सोने होईल. त्यांनी बायकोच्या पाटल्या सोसायटीत ठेवल्या आणि बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून दहा हजार पिल्ले आणून तळ्यात सोडली. सहा महिन्यांनी तळे उपसले तेव्हा हाती आली चाळीसेक कोळंबी आणि दोन मरळ मासे, पोट फुगलेले.

"सर, तिकडं जाताय तर बघून या की," ते म्हणाले. "ते बी कुठनं येतंय, कसं करत्यात, अन् आमच्या पाण्यात का जगत न्हाई, एवढं इचारा. पाटल्या अजून सोसायटीतच हाईत."

भूगोलाच्या माणसाला पाण्याचा प्रश्न विचारला गेला होता. टाळणे शक्य नव्हते.

रेल्वेने निघालो. बेळगाव-मडगाव हा प्रवास आपण अनेकदा करतो, पण मुलांना बरोबर घेऊन केला की नव्याने दिसतो. खानापूरला गाडी मलप्रभा ओलांडते. ते पाणी पूर्वेला जाते, कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. पुढे लोंड्याच्या रानात शिरलो की पाणी बाजू बदलते. तिथले ओढे काळी नदीत उतरतात आणि कारवारला अरबी समुद्राला मिळतात. आणखी पुढे, कॅसलरॉक ओलांडून घाट उतरू लागलो की दूधसागराचे पाणी मांडवीकडे निघालेले असते. तासा-दीड तासाच्या प्रवासात तीन नद्यांची खोरी आणि दोन समुद्र. मुलांनी वह्यांत नकाशे काढले. त्या वेळी मला ठाऊक नव्हते, की माझ्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या नकाशातच आहे.

मडगावहून कोकण रेल्वेने एर्नाकुलम, तिथून बसने वैकोम. वैकोमपासून दक्षिणेला कुमरकमच्या वाटेवर लागलो की जमीन आणि पाणी यांच्यातला फरक पुसट होत जातो. रस्त्याच्या एका बाजूला वेंबनाड सरोवर, दुसऱ्या बाजूला बांधांनी वेढलेली शेते, आणि शेते सरोवराच्या पाण्यापेक्षा खाली. आपण रस्त्यावरून चालतो तेव्हा उजवीकडचे पाणी गुडघ्याच्या उंचीवर आणि डावीकडचे भाताचे रान पायांखाली दीड-दोन मीटर असते. आम्ही गेलो तेव्हा शेतांतले पाणी उपसून बाहेर टाकण्याचे काम चालू होते. मोठ्या लाकडी पेटीतून फिरणारे पाते पाणी उचलून बांधापलीकडे फेकते. त्याला तिथे पेट्टी-परा म्हणतात. शेत कोरडे झाले की भात पेरायचा, मार्चच्या सुमारास कापायचा, मग पुन्हा पाणी घ्यायचे. या पद्धतीला 2013 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने जागतिक महत्त्वाचा शेती-वारसा म्हणून मान्यता दिली.

भाषेची अडचण येईल अशी भीती होती. मल्याळम आम्हाला कोणाला येत नव्हते. पण आमच्यातल्या कन्नड बोलणाऱ्या मुलींनी पहिल्याच दिवशी वाट काढली. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या नावाड्याला एकीने सरोवराकडे बोट दाखवून विचारले, "उप्पु?" मीठ या अर्थाने कन्नडमध्ये उप्पु आणि मल्याळममध्येही उप्पुच. म्हातारा हसला, मान हलवली आणि दूर उत्तरेला हात दाखवला. तिकडे खारे, इकडे गोडे. आणि मध्ये?

मध्ये तण्णीरमुक्कमचा बांध. वेचूर आणि तण्णीरमुक्कम या दोन काठांना जोडणारा, सव्वा किलोमीटरहून लांब, दारे असलेला हा बांध 1976 पासून चालू आहे. त्यावरून आता रस्ताही जातो. कुट्टनाडच्या भाताला खारे पाणी सोसत नाही. पावसाळा संपून नद्यांचा जोर ओसरला की समुद्राचे पाणी सरोवरातून दक्षिणेला सरकते. ते अडवण्यासाठी डिसेंबरच्या मध्याला दारे बंद करायची आणि भात हाती आला की उघडायची, अशी ही योजना. भातासाठी ती कामाची ठरली, यात शंका नाही. आम्ही बांधावर उभे होतो तेव्हा दारे उघडी होती आणि खालून पाणी जोराने उत्तरेला चालले होते. पाण्यावर जलपर्णीचे हिरवे बेटच्या बेट तरंगत होते.

कोळंबीची गोष्ट इथे सुरू होते. तिथे तिला आट्टुकोंजु म्हणतात, म्हणजे नदीची कोळंबी. पंबा, मणिमला, अच्चनकोविल, मीनच्चिल या नद्यांच्या गोड्या पाण्यात ती वाढते, खाते, मोठी होते. मादी अंडी घालते ती पाण्यात सोडून देत नाही, पोटाखाली चिकटवून सुमारे तीन आठवडे सांभाळते. अंडी आधी नारिंगी असतात आणि फुटायची वेळ आली की राखाडी होतात. या तीन आठवड्यांत ती प्रवास करते. पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून अंडी घेतलेल्या माद्या नदीच्या प्रवाहाबरोबर खाली, सरोवराच्या मचूळ भागाकडे निघतात. कारण तिची पिल्ले निव्वळ गोड्या पाण्यात फार तर चार-पाच दिवस काढतात आणि मरतात. त्यांना समुद्राचे पूर्ण खारे पाणीही नको असते. हवे असते ते मधले, मचूळ. आपल्याकडे कन्नडमध्ये ज्याला सवळु नीरु म्हणतात तसे.

मचूळ पाण्यात ही पिल्ले महिनाभर तरंगतात, तीही उलटी, पोट वर आणि शेपटी पुढे करून. अकरा वेळा रूप बदलतात. मग एके दिवशी सरळ होतात, तळाला बसतात, चालू लागतात आणि पहिल्यांदा आईसारखी दिसतात. तेव्हापासून त्यांची ओढ उलट दिशेला, गोड्या पाण्याकडे. काठाकाठाने ती नदीत चढू लागतात. ओल असेल तर दगडावरून, भिंतीवरूनही चढतात. पण तोवर डिसेंबर उजाडलेला असतो आणि तण्णीरमुक्कमची दारे बंद झालेली असतात. आई खाली गेली ती उघड्या दारातून, लेकरू परत आले तो दार बंद. सरोवरातली जंबो कोळंबी गेल्या काही दशकांत फार घटली. घाण पाणी, अतोनात मासेमारी अशी कारणे आहेतच, पण त्यांत या बांधाचे नाव अभ्यासक अग्रक्रमाने घेतात.

आता शेतीचा मुद्दा. नदी जे दोन प्रकारचे पाणी देत होती, तेच माणसाने सिमेंटच्या टाकीत द्यायचे, म्हणजे हॅचरी. ऐकायला सोपे आहे. पण पिल्लांना मचूळ पाणी लागते हेच मुळात 1961 पर्यंत कळले नव्हते. अन्न व कृषी संघटनेचे तज्ज्ञ शाओ-वेन लिंग मलेशियात पेनांग बेटावरच्या ग्लुगोर येथे काम करत होते. गोड्या पाण्यातला प्राणी म्हणून गोड्या पाण्यात ठेवलेली पिल्ले मरत राहिली. पाण्यात मिठाचा अंश हवा, हे त्यांच्या लक्षात आले आणि कोडे सुटले. पुढे 1965 मध्ये मलेशियातून या कोळंब्या हवाई बेटांवर नेण्यात आल्या आणि तिथे ताकुजी फुजिमुरा यांच्या चमूने 1972 पर्यंत पिल्ले मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत बसवली. आज जगात जिथे जिथे ही कोळंबी पाळतात, तिथे मुळात याच दोन शोधांवर काम चालते.

एका खाजगी हॅचरीचे मालक आम्हाला आत घ्यायला तयार झाले. अट एकच, पाय औषधाच्या पाण्यात बुडवून आत यायचे आणि कशाला हात लावायचा नाही. आत ओळीने टाक्या, प्रत्येकीत हवेचे बुडबुडे. समुद्राचे पाणी टँकरने आणतात, गाळतात, निर्जंतुक करतात आणि विहिरीचे पाणी घालून पातळ करतात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, या पिल्लांना 12 ग्रॅमच्या आसपास लागतात. म्हणजे एक भाग समुद्र आणि दोन भाग विहीर. तिथला एक कामगार दुर्बिणीसारखे छोटे यंत्र डोळ्याला लावून पाण्याचा थेंब तपासत होता. त्याने ते माझ्या विद्यार्थ्याच्या हाती दिले. खानापूरच्या शेतकऱ्याचाच तो मुलगा. त्याने थेंब पाहिला, आकडा वाचला आणि वहीत लिहिला: बारा.

टाकीतले पाणी 28 ते 30 अंशांच्या दरम्यान ठेवावे लागते. पिल्लांना खायला दोन गोष्टी. एक म्हणजे अंडी आणि दूध घालून शिजवलेली वडी, चाळणीतून घासून बारीक केलेली. दुसरी आर्टेमिया नावाच्या इवल्या जिवाची ताजी पिल्ले. आर्टेमियाची वाळलेली अंडी डब्यांतून येतात आणि जगभरातल्या हॅचऱ्यांना त्यांचा मोठा पुरवठा अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या खाऱ्या सरोवरातून होतो. देशी कोळंबीच्या बाळाचे पहिले अन्न परदेशातून, हे ऐकून मुली हसल्या. पण मालक गंभीरपणे म्हणाले, की खर्चाचा मोठा भाग हाच.

एका टाकीजवळ आम्ही बराच वेळ उभे राहिलो. बहुतेक पिल्ले उलटी तरंगत होती. काही मात्र सरळ होऊन भिंतीला चिकटली होती. ही "बसलेली" पिल्ले. पंचविसाव्या दिवसापासून बसू लागतात, सगळी बसायला पस्तीस-चाळीस दिवस लागतात. मग टाकीत थोडेथोडे गोडे पाणी सोडून क्षार हळूहळू शून्यावर आणायचे. घाई केली की पिल्ले धक्का खातात. त्यानंतर पिशवीत पाणी आणि प्राणवायू भरून, रात्रीच्या गारव्यात रवाना.

मी शेतकऱ्याचा प्रश्न मालकांना सांगितला. त्यांनी एकेक गोष्ट विचारली. पिशव्या किती वाजता सोडल्या? दुपारी दोन वाजता. पिशवी आधी तळ्यात तरंगत ठेवली होती का? नाही, तोंड सोडून सरळ ओतली. तळे आधी सुकवले होते का? नाही, जुन्या पाण्यातच. मरळ होती? होती. पिल्ले लपायला काही ठेवले होते? नाही. कधी सोडली? ऑक्टोबरात. त्यांनी हात जोडले. "बीज वाईट असेलही, पण एवढ्यातून चांगले बीजही वाचले नसते."

मग त्यांनी जे सांगितले ते मी आपल्या वाचकांसाठी जसेच्या तसे देतो, कारण सीमाभागात अशी तळी आता बरीच झाली आहेत. कोळंबी वाढते ती कात टाकून. जुने कवच टाकले की काही तास ती मऊ असते आणि तेवढ्यात तिचीच भावंडे तिला खातात. म्हणून तळ्यात नारळाच्या झावळ्या, फांद्या, कौले, जुनी जाळी असा आडोसा हवाच. पिल्ले थेट तळ्यात न सोडता महिनाभर बारीक जाळीच्या बंदिस्त हौद्यात, म्हणजे हाप्यात वाढवावीत, मग मोजून सोडावीत. त्यामुळे किती जगली ते कळते. सोबत कटला-रोहू चालतात, कारण ते वरच्या आणि मधल्या थरात चरतात. तळाशी चरणारे मृगळ आणि सायप्रिनस नकोत. मरळ तर मुळीच नको. त्यासाठी तळे एकदा पूर्ण सुकवणे हाच उपाय. आमच्याकडचे लाल, जांभ्याचे पाणी मऊ असते, कवचाला लागणारा चुना त्यात कमी, म्हणून पाणी तपासून चुनकळी द्यावी. आणि थंडी. या कोळंबीला 26 ते 31 अंशांचे पाणी मानवते. बेळगाव-खानापूरची डिसेंबर-जानेवारीची रात्र तिला सोसणारी नाही. वाढ थांबते. म्हणून आपल्याकडे पिल्ले सोडायची ती उन्हाळ्याच्या किंवा पावसाच्या सुरुवातीला आणि काढायची थंडी जोर धरण्याआधी.

आणखी एक गंमत त्यांनी दाखवली. जाळ्यात आलेल्या नरांचे तीन प्रकार असतात. थोडेसे मोठे, निळ्या नांग्यांचे. बरेच मधले, नारिंगी नांग्यांचे. बाकी खुरटलेले लहान. एकाच वयाची, एकाच आईची पिल्ले, पण निळे नांगे आलेला नर दादागिरी करतो आणि इतरांची वाढ दबून राहते. तो काढून विकला की नारिंगीवाले भराभर वाढतात. म्हणून शहाणा शेतकरी एकदम तळे उपसत नाही, जाळे ओढून मोठे तेवढे अधूनमधून काढतो.

मला खरे शिकायला मिळाले ते यानंतर. पिल्ले टाकीत होतात, तर मग नदीतली कोळंबी गेली काय आणि राहिली काय, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने विचारला. मालकांनी मागे भिंतीकडे पाहिले. तिथे रिकाम्या टाक्यांची एक ओळ होती. "या 2005 साली भरलेल्या असायच्या," ते म्हणाले.

त्या सुमारास भारतात या कोळंबीचे उत्पादन वर्षाला 40 हजार टनांच्या पुढे गेले होते. सर्वांत मोठा वाटा आंध्रचा. चार-पाच वर्षांतच ते एक चतुर्थांशाच्याही खाली आले. कारणे अनेक. पांढऱ्या शेपटीचा विषाणूजन्य रोग आला, त्यात हॅचरीतली पिल्ले काही दिवसांत मरतात. 2009 पासून व्हॅनामेई ही अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची कोळंबी आपल्याकडे पाळायला परवानगी मिळाली आणि शेतकरी तिच्याकडे वळले. पण एक कारण घरातलेच होते. नदीतून नवीन माद्या आणणे खर्चाचे, म्हणून हॅचऱ्यांनी तळ्यात वाढलेल्याच माद्या पुन्हा पुन्हा वापरल्या. नात्यातल्या नात्यात पिढ्या होत गेल्या. वाढ खुंटली, ताकद गेली. ज्या बीजातून पाव किलोचा नर व्हायचा, त्यातून पन्नास ग्रॅमचाही होईना.

हे दुरुस्त करायचे तर मार्ग एकच होता, नदीकडे परत जाणे. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोडे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे सिफाने, 2007 मध्ये वर्ल्डफिश या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर निवड पद्धतीने पैदास सुरू केली. त्यासाठी गुजरात, केरळ आणि ओडिशा अशा तीन ठिकाणच्या कोळंब्या घेतल्या, त्यांचे आपसांत संकर केले, प्रत्येक पिढीत चांगली वाढणारी कुटुंबे निवडली. त्यातून आलेले सुधारित बीज आता सिफा-जीआय स्कॅम्पी या नावाने ओळखले जाते. म्हणजे ज्या नद्यांना आपण विसरलो होतो, त्यांच्याकडेच हात पसरावा लागला. त्या तीन ठिकाणी रानटी कोळंबी शिल्लक नसती तर शास्त्रज्ञांच्या हाती निवडायला काय उरले असते?

परत आल्यावर शेतकऱ्याला मी हे सगळे सांगितले. मुलाने वहीतला बाराचा आकडा वडिलांना दाखवला आणि आपल्या तळ्यात पिल्ले का जन्माला येऊ शकत नाहीत, ते माझ्यापेक्षा चांगले समजावले. कोळंबी आपल्याकडे वाढेल, पण बीज दर वेळी किनाऱ्याकडून आणावे लागेल, आणि ते कोणत्या हॅचरीचे, माद्या कुठल्या, रोगाची तपासणी झाली आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. शक्य तर मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्यांना आधी तळे दाखवायचे. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "औंदा तळं सुकवतो. पुढल्या साली हजारच पिल्ली सोडतो, हाप्यात. पण आधी पाटल्या सोडवतो." मला यात सुधारण्यासारखे काही दिसले नाही.

माझ्या मनात मात्र आपला नकाशा घोळत राहिला. कृष्णेच्या खोऱ्याची स्वतःची एक मोठी कोळंबी आहे, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. गोदावरी कोळंबी या नावाने ती ओळखली जाते आणि कृष्णेतही ती मूळची. सिफाने तिच्याही पैदाशीवर काम केले आहे. आकाराने ती जंबोपेक्षा लहान, पण तिचीही रीत तीच, वाढ गोड्या पाण्यात आणि बाळपण मचूळ पाण्यात. आता मलप्रभेतल्या एखाद्या मादीने पिल्लांना समुद्राकडे न्यायचे म्हटले तर वाटेत काय काय लागते ते पाहा. सौंदत्तीजवळचे नविलुतीर्थ धरण, मग नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर, पुलिचिंतला आणि शेवटी विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. यातले प्रत्येक धरण कोणाच्या तरी शेताला आणि नळाला पाणी देते, ती नकोत असे कोण म्हणेल? पण एवढी दारे बंद असताना तिने कुठून यायचे आणि पिल्लांनी कसे परतायचे, हा प्रश्नही खोटा नाही. तण्णीरमुक्कमला एक दार चुकते, आपल्याकडे सात.

दुसऱ्या अंगाने पाहिले तर खानापूर तालुक्यातच, भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई घाट उतरते, मांडवी होते आणि पणजीला समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी भरतीचे मचूळ पाणी आजही आत येते. मलप्रभेचा उगम कणकुंबीला, म्हणजे म्हादईच्या शेजारीच. एकाच तालुक्यातल्या दोन नद्या, पण कोळंबीच्या दृष्टीने एक वाट फार लांबची आणि सात ठिकाणी अडलेली, दुसरी जवळची. नदीतून किती पाणी कुठे वळवायचे याचा हिशेब टीएमसीत होतो. त्या हिशेबात मुखाशी किती गोडे पाणी पोचते आणि खारे-गोडे कुठे भेटते, यासाठीही एक रकाना असावा, इतकेच भूगोलाचा शिक्षक म्हणून मला वाटते. तळ्यातली कोळंबी आपण उद्या शिकून घेऊ. पण ज्या माद्यांपासून तिचे बीज सुधारायचे, त्या शेवटी नदीतच सापडणार.

जाता जाता वाचकांना एक विनंती. अथणी, रायबाग, चिक्कोडी, गोकाक या भागात कृष्णा किंवा घटप्रभेच्या काठी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पूर्वी नदीत मोठी, लांब नांग्यांची कोळंबी पाहिली किंवा धरली असेल, तर कोणत्या डोहात, कोणत्या महिन्यात, साधारण कोणत्या साली, आणि तिला गावात काय म्हणत, हे या साप्ताहिकाकडे लिहून पाठवावे. मराठीत लिहा किंवा कन्नडमध्ये, दोन्ही चालेल. आमच्या विद्यार्थ्यांनी नकाशा तयार ठेवला आहे, त्यावर ठिपके घालायचे आहेत.